झहीर खानला ‘हॉल ऑफ फेम’मध्ये जागा मिळायला हवी का? एका गोलंदाजाच्या शरीराचा इतिहास

आपल्या कोल्हारपासून जवळच असलेल्या श्रीरामपूरचा एक मुलगा भारताचा प्रमुख वेगवान गोलंदाज झाला, हे इथल्या शाळकरी पोरांनाही ठाऊक आहे. झहीर खानचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ चा. अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला, २०२० मध्ये पद्मश्रीही मिळाली. पण आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये २०२५ पर्यंत त्याचं नाव आलेलं नाही. ते यायला हवं का? हा वाद क्रिकेटप्रेमींचा खराच, पण त्यात डॉक्टरने बोलण्यासारखंही बरंच आहे.

हॉल ऑफ फेम म्हणजे काय?

२००९ मध्ये सुरू झालेली ही सर्वकालीन थोर खेळाडूंची सन्मान यादी. शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना खेळून पाच वर्षं झाली की खेळाडूचा विचार होऊ शकतो. भारतातून बेदी, गावसकर, कपिल देव, कुंबळे, द्रविड, तेंडुलकर यांच्यापासून २०२५ मध्ये धोनीपर्यंत नावं आली. यात भारतीय वेगवान गोलंदाज एकच, कपिल देव.

आकडे काय सांगतात?

झहीरचे ९२ कसोटींत ३११ बळी आणि २०० एकदिवसीय सामन्यांत २८२ बळी. कसोटीतली सरासरी ३२.९४, म्हणजे प्रत्येक बळीमागे जवळजवळ ३३ धावा. कपिल देव यांचे १३१ कसोटींत ४३४ बळी, सरासरी २९.६४. विरोधकांचा मुद्दा इथेच सुरू होतो. ते म्हणतात, झहीर चांगला होता, पण थोरांच्या पंगतीत बसण्याइतका नाही, आणि गरजेच्या वेळी तो अनेकदा जखमी असायचा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. डिसेंबर २००३ मध्ये ब्रिस्बेनला त्याने डावात ५ बळी घेतले आणि पुढच्या ॲडलेड कसोटीला तो दुखापतीमुळे नव्हता. जुलै २०११ मध्ये लॉर्ड्सवर पहिल्याच दिवशी मांडीचा मागचा स्नायू दुखावून तो मैदानाबाहेर गेला. ती मालिका भारत ०-४ हरला.

त्या स्नायूला नेमकं काय होतं?

मांडीच्या मागे तीन स्नायूंचा गट असतो, त्याला हॅमस्ट्रिंग म्हणतात. बैठकीच्या हाडापासून तो गुडघ्याच्या खालपर्यंत जातो. धावताना पाय पुढे फेकला जातो, तेव्हा हा स्नायू ताणला जात असतानाच ब्रेकसारखं काम करतो. एकाच वेळी ताण आणि जोर, म्हणून तो फाटतो. भरून येताना तिथे व्रणाची ऊती तयार होते आणि स्नायूची ताकद व लांबी पूर्ववत व्हायला वेळ लागतो. त्यामुळे एकदा दुखावलेली हॅमस्ट्रिंग पुन्हा दुखावण्याचा धोका बराच जास्त असतो.

शिवाय वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा त्यावर शरीराच्या वजनाच्या ५ ते ७ पटींपर्यंत भार येतो. ८० किलोच्या माणसाचा हिशेब तुम्हीच करा. त्याच क्षणी कंबर वाकते, वळते आणि खांदा पूर्ण वेगाने फिरतो. दिवसाला १८ षटकं म्हणजे हे १०८ वेळा. कपिल देव यांना दुखापतीने एकाही कसोटीला मुकावं लागलं नाही, पण तो अपवाद आहे. सर्वांना तीच फूटपट्टी लावणं वैद्यकीयदृष्ट्या बरोबर नाही.

मग दुखापतीची सूट द्यायची का?

माझं मत, नाही. ‘दुखापत नसती तर ४०० बळी झाले असते’ हा हिशेब कल्पनेतला आहे. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये असाच एक डावखुरा होता, सँडी कूफॅक्स. कोपराच्या संधिवातामुळे तो १९६६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी थांबला. तरी १९७२ मध्ये त्याला तिथल्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. कोपराची दया येऊन त्याला घेतलं नाही. शेवटच्या काही हंगामांत तो जवळपास खेळता न येण्यासारखा झाला होता, म्हणून घेतलं. झहीरलाही त्याने खरोखर काय केलं यावरच तोललं पाहिजे.

त्याने काय केलं?

२००३ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात १५ धावा गेल्या. पुढे तो संघाबाहेर गेला आणि २००६ मध्ये इंग्लंडमध्ये वूस्टरशायर काउंटीकडून खेळला. त्या हंगामात त्याने ७८ बळी घेतले. धाव आखूड केली, वेगाचा हट्ट कमी केला आणि जुना चेंडू दोन्ही बाजूंना वळवण्यावर भर दिला. शरीराला जे पेलत नव्हतं ते सोडून त्याने नवीन गोलंदाजी उभी केली.

पुढच्याच वर्षी, २००७ मध्ये, ट्रेंट ब्रिजवर त्याने सामन्यात ९ बळी घेतले. भारताने इंग्लंडमध्ये १९८६ नंतर पहिल्यांदा कसोटी मालिका जिंकली. २०११ च्या विश्वचषकात त्याचे २१ बळी होते, शाहिद आफ्रिदीसह स्पर्धेत सर्वाधिक. अंतिम सामन्यातली पहिली ५ षटकं पाहा: ३ निर्धाव, ६ धावा, १ बळी. आठ वर्षांपूर्वी पहिल्याच षटकात घसरलेला हाच माणूस.

शेवटची कसोटी फेब्रुवारी २०१४ मध्ये वेलिंग्टनला. मॅकलमने त्रिशतक केलं त्या डावात पस्तिशीतल्या झहीरने ५१ षटकं टाकून ५ बळी घेतले. १५ ऑक्टोबर २०१५ ला निवृत्ती जाहीर करताना, दिवसाला सुमारे १८ षटकांचा भार आपला खांदा पेलेल असं वाटत नाही, हे त्याने मोकळेपणाने सांगितलं.

म्हणून माझं उत्तर ‘हो’ आहे. निव्वळ सरासरीवर त्याचा दावा काठावरचा आहे, हे मान्य. पण ज्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाला फारशी मदत नसते, तिथे दशकभर भारताच्या माऱ्याची धुरा त्याने वाहिली, आणि ती दोन वेगवेगळ्या शरीरांनिशी: एक तरुण आणि वेगवान, दुसरं दुखावलेलं आणि शहाणं. दुसऱ्या शरीराने पहिल्यापेक्षा मोठं काम केलं. थोरपणाचा हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

आपल्या मुलांसाठी

उन्हाळ्यात गावोगावी टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू झाल्या की मांडी धरून आणि कंबर धरून येणारी मुलं वाढतात. त्यांच्यासाठी तीन गोष्टी:

१. मांडीत ‘कट्’ झालं की त्या दिवशी खेळ बंद. दुखणं थांबलं म्हणजे स्नायू बरा झाला असं नाही. पूर्ण वेगाने न दुखता धावता येणं आणि दोन्ही पायांची ताकद सारखी होणं, यानंतरच गोलंदाजी.

२. वाढत्या वयातल्या गोलंदाजाची कंबर दोन-तीन आठवडे एकाच बाजूला, विशेषतः गोलंदाजीच्या हाताच्या विरुद्ध बाजूला दुखत असेल, तर मलम चोळत बसू नका. मणक्याच्या हाडाला बारीक तडा असू शकतो. तो सुरुवातीला एक्स-रेत दिसेलच असं नाही, एमआरआय लागू शकतो.

३. चार महिने बसून एकाच रविवारी तीन सामने खेळू नका. षटकं आठवड्यागणिक हळूहळू वाढवा.

आणि धाव आखूड करायला सांगितली तर मुलांनी नाराज होऊ नये. झहीरचे मोठे विजय त्यानंतरचे आहेत.