रानातला मुक्काम

मानपाड्यामागच्या येऊरच्या डोंगरात एखादी रात्र राहुटी ठोकून काढावी असे मनात आले, तर कायदा आडवा येतो. तो भाग आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो. अमेरिकेतील बऱ्याच सरकारी वनांत १४ दिवसांपर्यंत फुकट तळ देता येतो! पण आपल्याच या डोंगररांगेत, कान्हेरीला, भिक्षू वर्षावासासाठी राहत. त्यांचे दगडी ओटे नि पाण्याच्या पोढी अजून दिसतात. पुढे १८७८ च्या वनकायद्याने राखीव रानात बेकायदा शिरणे, विस्तव पेटवणे गुन्हा ठरवले, आणि १९२७ च्या कायद्याने तेच कायम ठेवले. आपली फार तर सहल हुकते. पाड्यांवरच्या वारल्यांचे राहणेच मात्र सरकारच्या मर्जीवर आले. आदिवासींचा वनातील वस्तीचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००६ साल उजाडावे लागले.