कड्यातले पाणी

कुर्डुवाडीपासून समुद्र दोनशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रकाठचे कडे का ढासळतात, याचा पहिला धडा कुर्डुवाडीच्या शिवारातील एखाद्या विहिरीत मिळतो. पावसाळ्यानंतर विहिरीत डोकावून पाहा. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली कठीण पाषाण. बहुतेक झरे मुरूम संपून पाषाण सुरू होतो तेथेच दिसतात. मुरूम पाणी पुढे जाऊ देतो, अखंड पाषाण अडवतो. खडकाच्या या जाऊ देण्याच्या गुणाला पार्यता म्हणतात. ती सच्छिद्रतेहून वेगळी आहे. चिकणमातीत पोकळ्या पुष्कळ असतात, परंतु त्या इतक्या सूक्ष्म असतात की पाणी त्यांतून फारच हळू सरकते.

ही साधी गोष्ट कड्यांना लागू करायला मोठी दुर्घटना घडावी लागली. २४ डिसेंबर १८३९ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बिंडन येथे शेतजमिनीचा प्रचंड भाग खचून समुद्राकडे सरकला. काहींना तो भूकंप वाटला. कॉनिबेअर आणि बकलँड या भूवैज्ञानिकांनी मात्र जागेवर जाऊन पाहणी केली. वरच्या पार्य थरांतून मुरलेले पाणी खालच्या वाळूत साठले होते. तिच्याखालची चिकणमाती त्याला उतरू देत नव्हती. भिजलेल्या वाळूने वरचे ओझे पेलणे सोडले होते.

१९ डिसेंबर १९१५ रोजी केंटमधील फोक्स्टनजवळ असेच घडले. तेथे वर खडूचा दगड, खाली चिकणमाती. कड्याच्या पायथ्यालगतचा रेल्वेमार्ग गाडीसकट सरकला. प्रवासी बचावले, पण मार्ग पुन्हा सुरू व्हायला १९१९ साल उजाडले. पुढे तेथे लाटांपासून पायथ्याचे रक्षण तर केलेच, शिवाय कड्याच्या पोटात बोगदे खणून पाण्याला वाट काढून दिली.

आता आपल्या कोकणाकडे वळू. तेथील सड्यांवर जांभा आहे. केरळातील अंगाडिपुरम येथे लोक हा दगड विटांसारखा कापताना पाहून फ्रान्सिस बुकानन यांनी १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात त्याला लॅटराइट हे नाव दिले. लॅटिनमध्ये ‘लॅटर’ म्हणजे वीट. जमिनीत असताना मऊ असलेला हा दगड हवेत कठीण होतो, हेही त्यांनी नोंदवले. पण जांभ्याच्या खाली अनेक ठिकाणी पांढरट-गुलाबी, चिकणमातीसारखा थर असतो. मंगळूरकडे त्याला शेडी म्हणतात. कड्याचे भवितव्य बव्हंशी हा थर ठरवतो.

रत्नागिरीकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. जांभ्याच्या भोकांतून आणि भेगांतून तो झपाट्याने खाली उतरतो व मऊ थरापाशी अडतो. तेथून पाझर फुटतात, माती भिजते, वाहून जाते. पायथ्याशी लाटा पोचत असतील तर त्या ती उचलून नेतात. आधार गेलेला जांभा काही काळ छज्जासारखा लोंबतो आणि मग त्याचे मोठे धोंडे कोसळतात. हेच धोंडे काही काळ पायथ्याचे रक्षणही करतात. निव्वळ काळ्या पाषाणाचे भूशिर वेगळ्या रीतीने झिजते. तेथे लाटा मुख्यतः भेगांतून शिरून दगड सुटे करतात.

म्हणून कड्यावर घर किंवा रस्ता असेल, तर पायथ्याशी भिंत बांधून निम्मेच काम होते. वर शोषखड्डे खणले, सांडपाणी जमिनीत सोडले, तर भिंतीच्या आड कडा आतून भिजतच राहतो. आधी पाण्याची सोय पाहायला हवी.

वर्गात हे सहज दाखवता येईल. काचेच्या पेटीत एका बाजूला चिकणमातीचा, समोर किंचित उतरता थर दाबून बसवा. त्यावर जाड वाळूचा थर देऊन समोरची बाजू कापून कडा तयार करा. वरून झारीने हळूहळू पाणी घाला. कडा कोठे प्रथम ओला होतो, हे विद्यार्थ्यांना आधी ओळखायला सांगा. विहीर पाहिलेली मुले अचूक बोट ठेवतील.