म्हैसूर ते रामनगरम : सरकारी केंद्रातला 'सुरक्षित काळ'

सरकारी केंद्रातला सल्ला म्हणजे खात्रीचा, असे तुम्ही धरून चालता का? मग म्हैसूरचा इतिहास पाहा. 1930 मध्ये म्हैसूर संस्थानाने सरकारी खर्चाने संततिनियमन केंद्रे काढायचे ठरवले; जगातील अशा पहिल्या सरकारी केंद्रांत त्यांची गणना होते. (मुंबईत 1921 पासून हेच काम करणाऱ्या र. धों. कर्व्यांना मात्र विल्सन कॉलेजातली गणिताची नोकरी गमवावी लागली.)

स्वातंत्र्यानंतर केंद्रीय आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांना, गांधीविचारामुळे, कृत्रिम साधने नको होती. त्यांच्या निमंत्रणावरून जागतिक आरोग्य संघटनेतर्फे डॉ. अब्राहम स्टोन 1951 मध्ये आले. 'सुरक्षित काळ' पद्धतीच्या प्रयोगासाठी दिल्लीची लोदी कॉलनी आणि म्हैसूर राज्यातले रामनगरम निवडले गेले. बायकांना मण्यांची माळ मिळाली: हिरवे मणी निर्धोक दिवसांचे, लाल धोक्याचे, रोज एक सरकवायचा. काहींना वाटले, माळ घातली की दिवस राहत नाहीत. काहींनी धोक्याच्या रात्री मणीच पुढे ढकलले, असेही सांगतात.

हे किस्से पुढे बायकांच्या अडाणीपणाचा विनोद म्हणून फिरले. मला ते पटत नाही. माळ मागच्या पाळ्यांच्या हिशेबावर बनते. आजारपणाने किंवा बाळंतपणानंतर पाळी पुढेमागे झाली, तर मणी बिनचूक सरकवूनही हिशेब चुकतो. आणि नवऱ्याने ऐकलेच नाही तर? कोणतेही मोजमापाचे साधन हाती देताना त्याची चूक किती असू शकते, हे देणाऱ्याने सांगायचे असते. इथे तर साधनाची निवडच मंत्र्यांच्या मताने झाली होती. गरोदरपण मात्र त्या बाईचे.