नाशिकातील उजेडाची कारागिरी

त्र्यंबकेश्वरी 1870 साली जन्मलेल्या धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा मूकपट 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात लोकांपुढे आणला, आणि त्याच वर्षी आपल्या चित्रपट-कारखान्याचा मुक्काम दादरहून नाशिकास हलविला. 1917 चे 'लंकादहन' याच कारखान्याचे. त्यात राम आणि सीता या दोन्ही भूमिका अण्णा साळुंके या एकाच नटाने केल्या, ही गोष्ट सर्वांच्या तोंडी असते. परंतु अवघी कथा जिच्याकडे धाव घेते ती लंकेची आग पडद्यावर पेटती दाखविणे किती कठीण होते, याचा विचार क्वचितच होतो.

त्या काळच्या चित्रफितीला निळा प्रकाश उत्तम दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे जो रंग अग्नीचे सर्वस्व, त्यालाच ती आंधळी. म्हणून जगभरच्या मूकपटांत आगीचे दृश्य मागाहून तांबड्या रंगात आणि रात्रीचे निळ्या रंगात बुडविण्याची तजवीज करीत. शिवाय कॅमेरा हाताने फिरवावयाचा, सेकंदास सुमारे 16 चौकटी. हात मंदावला की प्रत्येक चौकटीवर उजेड अधिक पडे आणि पडद्यावरची हालचाल मात्र शीघ्र होई. उजेड आणि काळ ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत, हे ज्ञान फाळक्यांना 1912 च्या 'अंकुराची वाढ' या लघुपटात वाटाण्याचा वेल चौकटी-चौकटीने टिपताना झालेलेच होते, आणि 'आगकाड्यांची मौज' या चित्रात काड्या एकेक चौकटीगणिक हलवून त्यांनी त्याची कसून मशागत केली. मला तर त्यांच्या देवादिकांच्या चमत्कारांहून ही चिकाटी अधिक वंदनीय वाटते.

आज संगणकावरचे खेळ घडविणाऱ्या गेम इंजिनात मशाल तेवती ठेवणारा कारागीर याच हिशेबाचा वारसदार आहे. युनिटी वा गोडो या इंजिनांत दिव्याची तीव्रता, रंग आणि पल्ला हे केवळ आकडे. ते सेकंदास साठ वेळा बदलता येतात. परंतु चढउतार घड्याळाच्या लंबकासारखा नियमित ठेवला, तर डोळा ती लबाडी तत्काळ ओळखतो. म्हणून 'ट्रॉन' या 1982 च्या चित्रपटावर काम केलेल्या केन पर्लिन यांनी पुढील वर्षी सिद्ध केलेली सौम्य अनियमिततेची गणिती युक्ती येथे उपयोगी पडते, जिच्यासाठी त्यांना 1997 मध्ये अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. दिव्याचे स्थानही किंचित हलविले की भिंतीवरच्या सावल्या थरथरतात, आणि ज्योतीपेक्षा त्या थरथरीनेच आग खरी वाटते.

फाळके 16 फेब्रुवारी 1944 रोजी नाशिकातच निवर्तले. 'लंकादहन', 'श्रीकृष्णजन्म' आणि 'कालियामर्दन' यांचा जो अंश आज शिल्लक आहे, तो नाशिकात खेळांतल्या उजेडाची ही विद्या शिकणाऱ्या प्रत्येक तरुणाने संगणकास हात लावण्यापूर्वी चौकटी थांबवून-थांबवून पाहावा, आणि शिकविणाऱ्यांनी तो पहिल्या दिवशीच दाखवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.