रिसीव्हरचा घसारा

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आम्हांला व्यापारी कायदा होता आणि त्यात 'रिसीव्हर' नावाचे एक गृहस्थ होते. एखाद्याचं दिवाळं वाजलं किंवा भावाभावांत मिळकतीवरून जुंपली, की कोर्ट या गृहस्थांना नेमतं. ते येतात, घरातल्या सगळ्या चीजवस्तूंचा ताबा घेतात आणि मालकाला कोपऱ्यात उभं करतात. पुढे दिवाणखान्यांतून होम थिएटरचा रिसीव्हर दिसू लागला तेव्हा मला त्याच्या नावाचं मुळीच नवल वाटलं नाही. त्याचंही काम तेच. टीव्ही, डिश, डीव्हीडी सगळ्यांचा ताबा घ्यायचा आणि मालकाच्या हातात रिमोट देऊन त्याला कोपऱ्यात बसवायचं. फरक इतकाच, की कोर्टाचा रिसीव्हर दिवाळं वाजल्यावर येतो. हा आधी येतो, मग ते वाजतं.

मूळ कल्पना तशी सालस होती. पूर्वी अमेरिकेत गाण्याच्या शौकिनाला रेडिओचा ट्यूनर वेगळा, प्रीअॅम्प्लिफायर वेगळा, अॅम्प्लिफायर वेगळा असे डबे आणून तारांनी जोडावे लागत. सिडनी हार्मन आणि बर्नार्ड कार्डन या दोघांनी 1953 साली कंपनी काढली आणि 1954 साली 'फेस्टिव्हल' नावाचं एक यंत्र आणलं. त्यात हे सगळं एकाच डब्यात होतं. म्हणजे विभक्त राहणाऱ्या भावांना एका छपराखाली आणलं. एकत्र कुटुंबाचे फायदे आपल्याला कुणी सांगायला नकोत, तोटेही. धाकट्याला ताप आला की सगळ्या घराला जाग्रण!

त्या काळी डब्यात व्हॉल्व्ह असत. व्हॉल्व्ह हा प्राणी सभ्य होता. तो मरायचा, पण कल्पना देऊन मरायचा. आधी आवाज खोल जाणार, मग खरखर, मग थोडी तब्येत सुधारल्यासारखी, आणि एक दिवस राम. शिवाय तो खोबणीत बसवलेला असे. ओढून काढला, दुसरा खोचला, झालं. अमेरिकेत 1950 च्या दशकात तर औषधांच्या दुकानांतून व्हॉल्व्ह तपासायची यंत्रं उभी असत. माणूस खोकल्याचं औषध घ्यायला जाताना खिशातून घरच्या रेडिओचे चार व्हॉल्व्हही घेऊन जायचा. आपला आणि रेडिओचा आजार एकाच खेपेत निघायचा. आपल्याकडेही पुष्कळ सेटांच्या पाठीमागे आतल्या बाजूला सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे. कंपनी गृहीतच धरायची, की आपलं यंत्र कधीतरी कुणीतरी उघडणार. या गृहीत धरण्यात केवढा मोठा सुसंस्कृतपणा होता हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग ट्रान्झिस्टर आला. त्याचा शोध 1947 चा. अॅम्प्लिफायरमध्ये तो रुळला 1960 च्या दशकात. सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर फार तापट. तापले की जास्त वीज ओढायचे, जास्त वीज ओढली की आणखी तापायचे, आणि या भरात स्वतःला जाळून घ्यायचे. (असा एक अधिकारी आमच्या शाखेत होता. त्याची बदली झाली.) स्पीकरच्या दोन तारा चुकून एकमेकींना शिवल्या की व्हॉल्व्ह एकवेळ सोसून घ्यायचा, ट्रान्झिस्टर तत्क्षणी खलास. म्हणून मग त्याच्या रक्षणाला रिले बसवला. रिसीव्हर चालू केल्यावर चारपाच सेकंदांनी 'टक्' असा आवाज येतो ना, तो हा पहारेकरी. आत सगळं ठीक आहे असं पाहून तो स्पीकरचं दार उघडतो. ठीक नसेल तर दार बंद आणि समोरच्या पाटीवर 'प्रोटेक्ट' अशी अक्षरं. कुणापासून कुणाचं रक्षण, ते मात्र लिहीत नाहीत.

1970 च्या दशकात जपानी कंपन्यांनी वॅटची शर्यत लावली. 1978 च्या पायोनियरच्या एसएक्स-1980 ची ताकद दर बाजूला 270 वॅट आणि वजन 35 किलो! हा रिसीव्हर घरात आणायचा म्हणजे गोदरेजचं कपाट हलवणारे लोक बोलवायचे. पण अशी धुडं आजही जगभर लोक दुरुस्त करून वाजवतात, आणि त्याचं थोडं श्रेय एका सरकारी नियमाला आहे. आकडे फुगवण्याची खोड सगळ्याच धंद्यांत असते. 1974 साली अमेरिकन सरकारच्या व्यापार आयोगाने नियम केला, की वॅटचा आकडा छापायचा तर अॅम्प्लिफायर आधी एकतृतीयांश शक्तीवर तासभर चालवायचा आणि मग मोजायचा. ही फार बेरकी अट होती, कारण साधारण तेवढ्या जोरावरच अॅम्प्लिफायर सर्वांत जास्त भाजून निघतो. झक मारत कंपन्यांना मोठाले पंखे... पंखे म्हणजे फिरणारे नव्हेत, उष्णता बाहेर टाकणारे ते अॅल्युमिनियमचे पंख, ते बसवावे लागले. सरकारी नियमामुळे एखादी वस्तू टिकाऊ झाली, हे वाक्य बँकेत नोकरी करणाऱ्याला लिहायला मिळतं यासारखं सुख नाही.

आपल्याकडे असा जाच नव्हता. 1990 च्या दशकात इथे 'पी.एम.पी.ओ.' नावाचा वॅट निघाला. हातात मावणाऱ्या, बोटाएवढ्या अॅडॉप्टरवर चालणाऱ्या खोक्यावर '2000 वॅट पी.एम.पी.ओ.' असं सोनेरी अक्षरांत लिहिलेलं असे. तेवढ्या विजेत आमच्या चाळीतल्या दोन गीझरांचं भागलं असतं.

तर मूळ मुद्दा. 1982 साली डॉल्बीचा सराउंड आवाज घरात आला, 1987 साली 'प्रो-लॉजिक' आलं, पुढे डीव्हीडीबरोबर पाच स्पीकर आणि एक सबवूफर हा संसार रूढ झाला. दोन वाहिन्यांच्या पाच झाल्या, सात झाल्या, नऊ झाल्या. घर मात्र तेवढंच! आजचा नऊ वाहिन्यांचा मध्यम रिसीव्हर त्या जुन्या पायोनियरच्या निम्म्याहूनही हलका असतो. म्हणजे खाणारी तोंडं साडेचारपट आणि चूल धाकटी. या अॅम्प्लिफायरांत जाणाऱ्या विजेचा मोठा वाटा आवाजाऐवजी उष्णतेतच जातो, आणि त्या उकाड्यात शेजारी बसलेल्या असतात त्या नाजूक चिपा, ज्यांना मुळात असल्या वस्तीत राहायची सवय नाही.

उकाड्याचा पहिला बळी कपॅसिटर. त्याच्या पोटात द्रव असतो आणि तो हळूहळू सुकतो. इंजिनिअर लोकांचा ठोकताळा आहे, की तापमान 10 अंशांनी वाढलं की कपॅसिटरचं आयुष्य निम्मं. ज्या कपॅसिटरवर '105 अंश, 2000 तास' असं लिहिलेलं असतं तो 75 अंशांना 16,000 तास टिकावा. रोज चार तास वाजवलात तर अकरा वर्षं. तोच 85 अंशांवर ठेवला की साडेपाच. आम्ही घसारा काढायला दोन पद्धती शिकलो, सरळ रेषेची आणि घटत्या शिल्लकीची. दहा अंशांना निम्मी, अशी शिल्लक घटवणारी पद्धत आमच्या परीक्षेला नव्हती हे परमेश्वराचे उपकार. त्यातून 1999 नंतरची काही वर्षं तर कपॅसिटरांची साथच आली होती. काही कारखान्यांनी पोटातला द्रवच सदोष भरला. जगभर संगणकांत, टीव्हींत कपॅसिटर फुगून फुटत होते.

तेवढ्यात 1 जुलै 2006 पासून युरोपने यंत्रांतल्या शिशावर बंदी आणली. कारण योग्यच होतं, शिसं विषारी. पण जुनं शिशाचं डाख 183 अंशांना वितळायचं, नव्या बिनशिशाच्या डाखाला 217 च्या आसपास लागतात. नवा डाख जरा ताठ स्वभावाचा. यंत्र रोज तापतं, रोज निवतं, आणि जोडाला बारीक तडा जातो. कारखान्यांचा हात बसेपर्यंतची वर्षं गिऱ्हाइकांनी सोसली.

आणि या सगळ्यावर कळस म्हणजे एचडीएमआय. 2002 च्या डिसेंबरात सात कंपन्यांनी मिळून ही तार काढली. दहा तारांऐवजी एक, म्हणून आम्ही आनंदलो. पण या तारेतून चित्र जाण्याआधी यंत्रं एकमेकांची ओळखपत्रं तपासतात. तू कोण, परवाना आहे का, पुढे कुणाला देणार, त्याचा परवाना आहे का? म्हणजे केवायसीच! प्लेअर हा खातेदार, टीव्ही हा लाभार्थी आणि मधला रिसीव्हर बिचारा जामीनदार; दोन्हीकडून त्यालाच धरतात. एकाला उत्तर द्यायला क्षणभर उशीर झाला की पडदा काळा. आम्ही काउंटरवर 'लिंक नाही' म्हणतो तेव्हा लोक आमच्या अंगावर येतात. रिसीव्हरच्या अंगावर कोण जाणार?

1946 पासून नावाजलेल्या ओंक्यो या जपानी कंपनीचं या तारेने काय केलं पाहा. 2009 च्या सुमारापासून पुढल्या तीनचार वर्षांतल्या तिच्या अनेक रिसीव्हरांचा आवाजच जाऊ लागला. दोष एचडीएमआयच्या बोर्डात. कंपनीने सचोटीने 2018 अखेरपर्यंत फुकट दुरुस्तीची मुदत वाढवून दिली. एकट्या याच कारणाने नव्हे, पण कंपनी पुढे खचत गेली आणि 2022 च्या मे महिन्यात तिने ओसाकाच्या कोर्टात दिवाळखोरीचा अर्ज केला. रिसीव्हर करणाऱ्यांवर, आमच्या पुस्तकाच्या भाषेत, रिसीव्हर आला. 2020 च्या अखेरीस नव्या एचडीएमआयच्या चिपेतच खोट निघाली आणि खेळाच्या नव्या यंत्राचं चित्र काही रिसीव्हरांतून पुढे जाईना. यामाहाने बोर्ड बदलून दिले, डेनॉन-मरांट्झवाल्यांनी गिऱ्हाइकांना आणखी एक छोटा डबा फुकट दिला. दहा डब्यांचा एक डबा करायला 1954 साली निघालो होतो, तो हा प्रवास.

आमच्या शाखेतून निवृत्त झालेल्या हेडकॅशियरांनी ग्रॅच्युइटीतून रिसीव्हर घेतला तेव्हा आम्ही पुष्कळ थट्टा केली. कारण नंतर कळलं. चाळीस वर्षं नोटांची फडफड ऐकलेला त्यांचा उजवा कान गेला होता आणि डावा जायच्या बेतात होता. होम थिएटरमध्ये बोलणं बहुतेक मधल्या स्पीकरमधून येतं आणि रिसीव्हरवर तेवढाच आवाज वेगळा वाढवता येतो. आजूबाजूचं संगीत खाली, बोलणं वर. साध्या टीव्हीवर त्यांना नाटकातलं एक वाक्य धड कळत नसे. यावर सगळं नाटक कळायचं, कोण कुणाला काय टोमणा मारतंय ते सुद्धा. सहाव्या वर्षी मधला स्पीकर मुका झाला. कंपनीच्या माणसाने पाहिलं, मॉडेल बंद झालंय, बोर्ड मिळत नाही, नवा घ्या म्हणून सांगितलं आणि तपासणीची फी घेतली.

पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीत, एका बोळकंडीवजा दुकानात मी आणि ते रिसीव्हर घेऊन गेलो. तो बारा किलोचा होता आणि मी वयाने लहान, म्हणून मी घेऊन गेलो. मिस्त्रीने झाकण काढलं, फुंकर मारली, आतून एक वाळलेली पाल बाहेर काढून बाजूला ठेवली आणि विचारलं,

"काका, याच्यावर काय ठेवता?"

"काही नाही. विणलेला रुमाल आहे, धूळ बसू नये म्हणून."

"काकूंनी विणलाय?"

"हो. गेल्या त्या."

मिस्त्री काही बोलला नाही. मधल्या स्पीकरचा रिले काजळला होता. तो त्याने बदलला, दोन फुगलेले कपॅसिटर बदलले, रिलेचे दीडशे आणि मजुरीचे चारशे घेतले. निघताना एवढंच म्हणाला, "काका, वरची जाळी मोकळी हवी. श्वास तिथून घेतो तो."

घरी आल्यावर रुमालाचा प्रश्न उभा राहिला. पूर्वीच्या टीव्हीला डोकं होतं, आताच्याला फक्त कड आहे. स्टॅबिलायझरवर घालावा तर तोही तापतो. रिसीव्हरच्या खाली अंथरावा तर जाळी खालूनही आहे. शेवटी तो सबवूफरवर गेला. ते आपलं लाकडी खोकं, त्याला काही होत नाही. नाटकात कुठे ढोल वाजला की रुमालाची झालर थरथरते, आणि काका आवाज आणखी एक घर वर नेतात.