मलठणचे पवार : रक्ताचा वारसा की घराण्याचा?

शिरूरहून मंचरकडे निघाले की वाटेत मलठण आणि कवठे येमाई ही गावे लागतात. माळव्यातील धार आणि देवास या संस्थानांच्या पवार घराण्याची पाळेमुळे याच परिसरात आहेत. ‘विश्वासराव’ हा या घराण्याचा किताब. पहिल्या बाजीरावाशी बिनसल्यावर उदाजी पवार मागे पडले, धार त्यांचे बंधू आनंदराव यांच्याकडे गेले आणि उदाजींची शाखा मलठणास राहिली.

इंग्लंडात सरदारकीचा किताब सहसा एकट्या थोरल्या मुलाला मिळतो. धाकट्यांना त्यात वाटा नसतो आणि दत्तक मुलाला तर आजही तो मिळत नाही. आपल्याकडची रीत निराळी. शिरूर-दौंडच्या गावांत पाटीलकीची तक्षीम भावाभावांत होत असे. पवारांनी तीच रीत राज्याला लावली. तुकोजी आणि जिवाजी या भावांनी देवास वाटून घेतले. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती अशा दोन गाद्या झाल्या. पुढे इंग्रजांनी दोन्ही गाद्यांना पंधरा-पंधरा तोफांची सलामी दिली.

धारचा प्रसंग अधिक बिकट होता. १८०७ मध्ये दुसरे आनंदराव वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगाही लहानपणीच गेला. विधवा मैनाबाईंनी हिंमत न सोडता बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि शिंदे-होळकरांच्या धामधुमीत राज्य तगवले. १८१९ च्या तहाने इंग्रजांनीही ती गादी मानली.

पण तेच सरकार पुढे फिरले. १८४८ मध्ये साताऱ्याच्या अप्पासाहेब महाराजांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नाकारला आणि राज्य खालसा केले. साताऱ्याचे राज्य १८१९ मध्ये आपणच निर्माण केले, तेव्हा आपल्या संमतीवाचून दत्तक चालणार नाही, हा त्यामागचा युक्तिवाद. ज्याने इतरांच्या गाद्या बुडवल्या, त्या डलहौसीला दोन मुलीच होत्या. १८६० मध्ये तो वारला, तेव्हा त्याची ‘मार्क्विस’ ही पदवी त्याच्याबरोबरच संपली. उरली ती वडिलोपार्जित ‘अर्ल’ पदवी. ती चुलतभावाकडे गेली. सत्तावन्नच्या उठावाने सरकारचे डोळे उघडले आणि १८६२ मध्ये कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या.

या रीतीचे मोठे उदाहरण १९४७ चे. देवास थोरल्या पातीचे विक्रमसिंहराव पवार कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी महाराज झाले. ते राजर्षी शाहूंच्या कन्येचे पुत्र. देवासची गादी त्यांचे पुत्र कृष्णाजीराव यांच्याकडे आली.

१९७१ च्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे संपले. तोवर ही घराणी टिकली, ती केवळ रक्तावर नव्हे. नाव चालवण्याची जबाबदारी जो घेईल तो वारस, हे तत्त्व त्यांना तारून गेले. मैनाबाईंना ते ठाऊक होते. डलहौसीला ते मान्य नव्हते.