टीव्ही, दूरदर्शन, दूरचित्रवाणी: एका वस्तूची तीन नावं

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. घरात भिंतीवर ती जी चौकोनी वस्तू असते, तिला मराठीत काय म्हणायचं? मुलगा निबंधात ‘दूरचित्रवाणी’ लिहितो, आजोबा ‘दूरदर्शन’ म्हणतात आणि दोघंही घरात ‘टीव्ही लाव’ असंच सांगतात. यावरून मराठी हरली असा निकाल पुष्कळ जण देतात. आम्हाला तो घाईचा वाटतो.

मूळ शब्द बघा. ‘टेलिव्हिजन’ हा शब्द १९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या विद्युत परिषदेत कॉन्स्टंटिन पेर्स्की या रशियन गृहस्थांनी वापरला. त्यात ‘टेली’ ग्रीक, म्हणजे दूर. ‘व्हिजन’ लॅटिनमधून आलेला, म्हणजे पाहणं. म्हणजे इंग्रजी शब्दसुद्धा दोन घरांतून जुळवलेला. जर्मनांनी स्वतःच्या भाषेत ‘फेर्नझेहेन’ केला, अर्थ तोच. आपल्याकडे संस्कृतातून ‘दूरदर्शन’ झाला. त्याचं श्रेय सावरकरांच्या भाषाशुद्धीला देण्याची प्रथा आहे. पण गंमत अशी की याच घडणीचा एक शब्द मराठीत आधीपासून नांदत होता: दुर्बीण. फारसीत ‘दूर’ म्हणजे दूरच आणि ‘बीन’ म्हणजे पाहणारा. फारसी आणि संस्कृत या एकाच कुळातल्या, म्हणून ‘दूर’ दोन्हीकडे सारखा. परका कोण आणि घरचा कोण हे ठरवणं असं अवघड असतं. याच तालुक्यात, श्रीगोंद्याला, शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. इथल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

आता आपल्या देशातला इतिहास. १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण सुरू झालं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुणे परिसरासाठी सहक्षेपण सुरू झालं. हा सगळा कारभार तेव्हा आकाशवाणीकडे होता. १ एप्रिल १९७६ ला तो वेगळा झाला आणि ‘दूरदर्शन’ हे संस्थेचं नाव ठरलं.

इथे लक्ष द्या. पुढची पंधरा वर्षं देशात ही एकच संस्था होती. पडद्यावर दिसेल ते सगळं तिचंच. त्यामुळे ‘दूरदर्शन’ म्हटलं की यंत्र, माध्यम आणि संस्था असे तिन्ही अर्थ एकदम निघत आणि कोणाचंही अडत नसे. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. आता ‘दूरदर्शनवर लागलंय’ म्हटलं की समोरचा विचारू लागला, ‘म्हणजे दूरदर्शनवर, की दुसऱ्या चॅनेलवर?’ शब्द आकसला आणि एका संस्थेपुरता उरला.

तर्कशास्त्रात आम्ही जाती आणि व्यक्ती असा भेद शिकवत असू. ‘बैल’ ही जाती, ‘सर्जा’ ही व्यक्ती. ‘डालडा’ हे एका मालाचं नाव, ते सगळ्या वनस्पती तुपाचं झालं. व्यक्तीची जाती झाली. ‘दूरदर्शन’चा प्रवास उलटा: जातीची व्यक्ती झाली. मग जातीसाठी जागा रिकामी राहिली. पुस्तकात ती ‘दूरचित्रवाणी’ने भरली, घरात ‘टीव्ही’ने. रेडिओचंही नेमकं असंच झालेलं आहे: वस्तू रेडिओ, संस्था आकाशवाणी, आणि पुस्तकात नभोवाणी. तीन शब्दांनी तीन कामं वाटून घेतली. यात भांडण कुठे आहे?

पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच एक दाखला दिलाय. घडा हवा असेल तर माणूस कुंभाराकडे जाऊन सांगतो, घडा कर. शब्द वापरायचे म्हणून वैयाकरणाच्या दारात कोणी जात नाही. शब्द वापरणाऱ्याकडे असतातच. आपल्या काष्टीच्या शनिवारच्या बाजारातही बैलाची किंमत मालक सांगतो, पण ठरते ती सौद्यात. शब्दाची किंमतही बोलणारेच ठरवतात.

पण ‘दर्शन’ या शब्दाने एक काम केलं जे ‘टीव्ही’ला जमलं नसतं. आम्ही आयुष्यभर षड्दर्शनं शिकवली. तिथे दर्शन म्हणजे तत्त्वाची ओळख. देवळात दर्शन म्हणजे देवासमोर उभं राहणं. २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ लागू लागलं, तेव्हा कित्येक घरांत संचाला हार घातला गेला, उदबत्ती लावली गेली. सरकारी शब्दात दडलेला देवळातला अर्थ लोकांनी आपोआप बाहेर काढला. कीर्तनकार म्हणतात, संजयाकडे टीव्ही होता. नीट पाहिलं तर दर्शन संजयाला होतं. धृतराष्ट्राच्या वाट्याला आली ती आकाशवाणी! त्याला नुसतं ऐकायचं होतं. आणि आज चोवीस तास बघणाऱ्या आपल्याला दर्शन होतं की नुसती बडबड ऐकू येते, हे ज्याचं त्याने ठरवावं.

आमची खरी काळजी नामाची नाही, क्रियापदाची आहे. ‘टीव्ही’ इंग्रजी असेल, पण आपण तो ‘लावतो’, जसा दिवा लावतो. मालिका ‘लागते’. टीव्ही ‘बघतो’. नाम पाहुणं आलं तरी क्रियापद घरचं आहे, तोवर वाक्य मराठीच राहतं. पण ‘आम्ही मूव्ही वॉच केली’, ‘टीव्ही ऑन कर’ असं नातवंडं बोलू लागतात तेव्हा पाहुणा ओटीवरून थेट माजघरात येतो. मग उरतं ते एकटं ‘करणं’, बाकीची क्रियापदं घराबाहेर. तिथे घरातल्या मोठ्यांनी जागं राहावं. रागवू नये, आपण स्वतः ‘लाव’, ‘बंद कर’, ‘बघूया’ असं बोलत राहावं, एवढं पुरतं.

आणि दुसरी गोष्ट. पत्र्यावर चढून अँटेना फिरवणारा वरून ओरडायचा, ‘आलं का?’ आणि खालून उत्तर जायचं, ‘मुंग्या आहेत अजून!’ पडद्यावरच्या त्या पांढऱ्या ठिपक्यांना ‘मुंग्या’ कोणत्या समितीने म्हटलं? डिशला ‘छत्री’ कोणी म्हटलं? ‘व्यत्यय’ ही पाटी पडद्यावर आली की सगळं घर एका सुरात हळहळायचं, आणि शाळेची पायरी न चढलेल्या म्हातारीलाही तो संस्कृत शब्द समजायचा. ‘दूरचित्रवाणी’ कोशात सुरक्षित आहे. मुंग्या मात्र यंत्राबरोबर निघाल्या आहेत. इथे शिक्षक मंडळी बसली आहेत, त्यांना आमची विनंती आहे: मुलांना घरच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवा, पहिला टीव्ही आला तेव्हा काय काय म्हणत होतात ते विचारून वहीत लिहून आणायला सांगा. ती वही दहा वर्षांनी लिहायला घेतलीत, तर सांगणारं माणूस मिळेलच असं नाही.

इथेच थांबतो. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.